डॉली पार्टनने एल्विसला दिलेला नकार आणि तुमच्यापुढचा करार

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही गिटारवर स्वतःची गाणी बांधता आणि गाता, कंट्री या अमेरिकी ग्रामीण वळणाच्या संगीताची ओढ आहे. एका कंपनीने तुमचं एक गाणं एकरकमी पैसे देऊन मागितलं आहे आणि करारात 'सर्व हक्क' असे शब्द आहेत. अमेरिकेतली कंट्री गायिका आणि गीतकार डॉली पार्टन हिने रॉक-अँड-रोलचा प्रसिद्ध गायक एल्विस प्रेस्ली याला गाण्याचे हक्क द्यायला नकार दिला आणि पुढे त्याच गाण्याने तिला अमाप पैसा मिळवून दिला, हे तुम्ही वाचलं आहे. आपणही नकार द्यावा का, की तिचं नशीब वेगळं होतं, असं तुम्ही विचारता.

गीतकार-संगीतकारांचे करार वाचणं आणि त्यांच्या रॉयल्टीचे, म्हणजे गाणं वापरलं की मिळणाऱ्या वाट्याचे, हिशेब तपासणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यात डॉलीची ही गोष्ट मला वारंवार ऐकू येते, आणि बहुतेक वेळा ती मधूनच सुरू केलेली असते. तो नकार १९७४ च्या सुमाराचा. तो देता यावा अशी जागा तिने त्याआधी कैक वर्षं खपून तयार केली होती. ती वर्षं वगळून नुसता नकार उचललात तर नुकसान तुमचं होईल. म्हणून तिची वाटचाल जरा सविस्तर सांगते आणि मग तुमच्या कराराकडे येते. एक आधीच सांगते: तुमच्या कराराचा मजकूर मी पाहिलेला नाही. गाणं चित्रपटासाठी आहे की स्वतंत्र, ध्वनिमुद्रणाचा खर्च कोण करणार, तुमचं घर आज कशावर चालतं, यावर उत्तर बरंच बदलतं.

डॉली रिबेका पार्टनचा जन्म १९ जानेवारी १९४६ चा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या पूर्व टोकाला, स्मोकी पर्वताजवळच्या सेव्हियर परगण्यात. बारा भावंडांत ही चौथी. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरांना द्यायला घरात पैसे नव्हते, म्हणून वडिलांनी त्यांना मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. वडील कष्टकरी शेतकरी. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. आईच्या घराण्यात मात्र गाणं होतं. आजोबा धर्मोपदेशक, त्यामुळे चर्चमधलं गाणं, आणि आईच्या तोंडी डोंगरातली जुनी कथागीतं. आईचा भाऊ बिल ओवेन्स स्वतः गाणी लिहायचा. डॉली आठेक वर्षांची असताना त्याने तिला गिटार दिली, आणि तिला गाडीत घालून नॉक्सव्हिलला आणि पुढे कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलला दारोदार नेणाराही तोच. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतला पहिला महत्त्वाचा माणूस हा मामा आहे. लोक एल्विसचं नाव घेतात, बिलमामाचं घेत नाहीत.

दहाव्या वर्षाच्या आसपास ती नॉक्सव्हिलमध्ये कॅस वॉकर या किराणा दुकानदाराच्या रेडिओ आणि टीव्ही कार्यक्रमांत गाऊ लागली. १९५९ मध्ये, तेरा वर्षांची असताना, लुइझियानातल्या गोल्डबँड या छोट्या कंपनीने तिचं गाणं काढलं. त्याच सुमारास ती 'ग्रँड ओल ऑप्री'च्या रंगमंचावर गायली आणि तिची ओळख करून दिली जॉनी कॅशने. ऑप्री म्हणजे नॅशव्हिलचा १९२५ पासून चाललेला रेडिओ कार्यक्रम. कंट्री गाणाऱ्याला तिथे उभं राहायला मिळणं हा मोठा मान. १९६४ मध्ये शाळेचा शेवटचा वर्ग उत्तीर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती कायमची नॅशव्हिलला गेली. पहिल्याच दिवशी कपडे धुवायला गेली असताना तिला कार्ल डीन भेटला. १९६६ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि मार्च २०२५ मध्ये तो वारला तोवर टिकलं.

आता तुमच्या कामाचा भाग. १९६५ मध्ये तिला मॉन्युमेंट या रेकॉर्ड कंपनीने करारबद्ध केलं, पण तिच्या उंच, किनऱ्या आवाजाला कंट्री शोभणार नाही असं कंपनीला वाटायचं, म्हणून तिच्याकडून पॉप गाणी गाऊन घेतली. ती चालली नाहीत. चाललं ते तिने आणि बिलमामाने मिळून लिहिलेलं एक गाणं, तेही दुसऱ्याच्या आवाजात. १९६६ मध्ये बिल फिलिप्सने ते गायलं आणि ते कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोचलं. त्यानंतरच कंपनीने तिला कंट्री गाऊ दिलं. म्हणजे गायिका म्हणून दार उघडलं ते तिच्यातल्या गीतकाराने. आणि हे ध्यानात ठेवा: त्या काळात ती आणि मामा मॉन्युमेंटच्या मालकाच्याच कंबाइन म्युझिक या प्रकाशन कंपनीसाठी गाणी लिहीत होते. सुरुवातीची गाणी तिनेही दुसऱ्याच्या हाती दिली. त्यांतून नाव आणि ओळखी मिळाल्यावर मामा-भाचीने ओवेन्स आणि पार्टन या आडनावांतून 'ओवेपार' ही स्वतःची प्रकाशन कंपनी काढली. पुढच्या सगळ्या गोष्टीचा पाया ही छोटी घरगुती कंपनी आहे.

प्रकाशन म्हणजे काय, हे समजल्याशिवाय एल्विसचा किस्सा कळत नाही. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे एका विशिष्ट आवाजातलं ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रण सहसा कंपनीचं असतं. शब्द आणि चाल यांचं उत्पन्न अमेरिकेत परंपरेने दोन भागांत वाटलं जातं: रुपयातले आठ आणे लिहिणाऱ्याचे, आठ आणे प्रकाशकाचे. प्रकाशक गाणं गायकांपर्यंत पोचवतो, परवाने देतो, वसुली करतो. शिवाय अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळतात, गाणाऱ्याला नाही. ही तिथल्या कायद्याची जुनी विषमता आहे आणि गायकांचा तिला विरोध आहे. पण स्वतः लिहून स्वतः प्रकाशित करणाऱ्याला तिचा फायदा होतो.

१९६७ मध्ये पोर्टर वॅगनरने तिला आपल्या टीव्ही कार्यक्रमात घेतलं. नॉर्मा जीन या लोकप्रिय गायिकेच्या जागी ती आली होती, त्यामुळे प्रेक्षक सुरुवातीला कार्यक्रमात नॉर्मा जीनच्या नावाने ओरडायचे. पोर्टरने तिला आरसीए या रेकॉर्ड कंपनीत नेलं, तिच्याबरोबर द्वंद्वगीतं गायली, तिचं ध्वनिमुद्रण सांभाळलं. त्याच्यामुळे ती घराघरांत पोचली, हे कोणी नाकारू नये. दौऱ्यावरच्या बसमध्ये ती लिहीत राहायची. आईने कापडाचे तुकडे जोडून शिवलेला कोट घालून शाळेत गेल्यावर मुलं हसली, या आठवणीवरचं 'कोट ऑफ मेनी कलर्स' तिने जवळ कागद नव्हता म्हणून पोर्टरच्या कपड्यांच्या धुलाईच्या पावतीवर लिहिलं. हे गाणं १९७१ चं. त्याच वर्षी तिचं एक गाणं पहिल्यांदा कंट्रीच्या यादीत पहिलं आलं, आणि १९७४ च्या सुरुवातीला 'जोलीन' पहिलं आलं.

तोवर तिला स्वतंत्र व्हायचं होतं आणि पोर्टरला ते मान्य नव्हतं. भांडून काही होईना. मग तिने १९७३ मध्ये निरोपाचं गाणं लिहिलं, 'आय विल ऑल्वेज लव्ह यू', आणि त्याला समोर बसवून गाऊन दाखवलं. तो रडला आणि त्याने तिला मोकळं केलं. गाण्याचं ध्वनिमुद्रण मात्र आपण करणार, एवढी अट घातली. १९७४ च्या जूनमध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. पण प्रकरण तिथे मिटलं नाही. १९७९ मध्ये पोर्टरने करारभंगाबद्दल ३० लाख डॉलरचा दावा लावला आणि तो कोर्टाबाहेर तडजोडीने मिटला. ज्याने वर आणलं त्याच्यापासून वेगळं होण्याचीही किंमत तिने मोजली. नकाराची गोष्ट सांगताना हा भाग सहसा गळतो.

एल्विसला हे गाणं गायचं होतं. डॉली हरखून गेली होती. ध्वनिमुद्रणाच्या तोंडावर एल्विसचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर याने कळवलं की प्रकाशनाचा निम्मा हक्क मिळाल्याशिवाय एल्विस गाणार नाही. तिने नकार दिला आणि, तिनेच पुढे अनेकदा सांगितलंय, ती रात्रभर रडली. हिशेब मांडून पाहा. गीतकाराचे आठ आणे तिचे, प्रकाशकाचे आठ आणे तिच्या कंपनीचे. पार्कर मागत होता त्यांतले चार आणे. बदल्यात त्या काळचा जगातला सर्वांत प्रसिद्ध आवाज. कागदावर हा सौदा वाईट दिसत नाही. मेख अशी की प्रकाशनाचा हक्क गाण्याला चिकटतो. एल्विसची तबकडी विकली जावो न जावो, पुढे जो कोणी ते गाणं गाईल त्याच्या उत्पन्नातही तो वाटा जात राहतो.

आता याची दुसरी बाजू, आणि ती मी मुद्दाम सांगते. पार्करची मागणी त्या गोटात नेहमीची होती. पन्नाशीच्या दशकापासून हिल अँड रेंज या प्रकाशन संस्थेमार्फत एल्विसच्या नावाच्या कंपन्या लेखकांकडून असा वाटा घेत. ओटिस ब्लॅकवेल या ब्रुकलिनच्या गीतकाराचं 'डोंट बी क्रूएल' १९५६ मध्ये एल्विसने गायलं. गाण्यावर लेखक म्हणून ब्लॅकवेलबरोबर प्रेस्लीचंही नाव आहे. ते गाणं अमेरिकेत अकरा आठवडे पहिलं होतं. ब्लॅकवेलला तेव्हा फार कोणी ओळखत नव्हतं. त्याने नकार दिला असता तर गाणं कदाचित कपाटात राहिलं असतं. त्याचा होकार मला चुकीचा वाटत नाही, अन्यायकारक पद्धतीत घेतलेला समजूतदार निर्णय वाटतो. डॉलीची स्थिती वेगळी होती. तिचं गाणं आधीच पहिलं येऊन गेलं होतं. ते गायला तिचा स्वतःचा आवाज होता. पाठीशी आणखी कितीतरी गाणी होती. स्वतःची प्रकाशन कंपनी होती. एल्विसवाचून तिचं अडत नव्हतं. दुखलं भरपूर, पण अडलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तरी आकडे पाहा. १९८२ मध्ये एका चित्रपटासाठी तिने तेच गाणं पुन्हा गायलं आणि ते कंट्रीच्या यादीत पुन्हा पहिलं आलं. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने 'द बॉडीगार्ड' चित्रपटासाठी गायलं आणि ते अमेरिकेच्या मुख्य यादीत १४ आठवडे पहिलं राहिलं. चित्रपटाच्या गाण्यांचा अल्बम एकट्या अमेरिकेत १ कोटी ७० लाखांच्या पुढे गेला. अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीवर एका गाण्यामागे लेखक-प्रकाशकांसाठी कायद्याने ठरलेला दर १९७४ मध्ये २ सेंट होता, १९९२ मध्ये सव्वासहा सेंट. त्या दराने नुसता ढोबळ गुणाकार केला तरी त्या एका अल्बमवर दहा लाख डॉलरच्या पुढे आकडा जातो. रेडिओ, सुटी तबकडी आणि बाकीचं जग यात धरलेलंच नाही. व्हिटनी २०१२ मध्ये गेली तेव्हा तेच गाणं पुन्हा तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. पैसे लगेच येत नाहीत, अठरा अठरा वर्षांनी येतात. म्हणूनच माझ्या कामात मी रकमेच्या आधी करारातली मुदत वाचते.

तरीही डॉलीने सगळं काही स्वतःच्या मुठीत ठेवलं असं समजू नका. तिची आरसीएमधली जुनी ध्वनिमुद्रणं कंपनीची होती. १९७७ मध्ये पॉपच्या मोठ्या बाजारात शिरायचं ठरवल्यावर तिने 'हिअर यू कम अगेन' हे बॅरी मान आणि सिंथिया वाइल यांचं गाणं गायलं. लेखनाचा वाटा तिला मिळणार नव्हता, नवे श्रोते मिळणार होते, आणि ते मिळाले. मग हॉलीवूडने बोलावल्यावर 'नाइन टू फाइव्ह' चित्रपटात काम करायला तिने अट घातली की शीर्षकगीत मी लिहिणार. टाइपरायटरच्या टकटकीसारखा ठेका तिला सेटवर नखांवर नखं घासताना सुचला. १९८१ मध्ये ते कंट्री आणि मुख्य अशा दोन्ही याद्यांत पहिलं आलं. कुठे सोडायचं आणि कुठे अट घालायची याची तिची पारख मला त्या प्रसिद्ध नकाराहून शिकण्यासारखी वाटते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आरसीएने तिचा करार वाढवला नाही, आणि नव्वदीत कंट्री रेडिओ तरुण आवाजांकडे वळला. ती तेव्हा पन्नाशीकडे झुकली होती. अनेक गायक इथे संपतात. तिच्याकडे गाण्यांचं उत्पन्न होतं, आणि १९८६ मध्ये तिच्या गावाजवळ पिजन फोर्जला आधीच चालू असलेल्या करमणूक उद्यानात भागीदारी घेऊन उभं केलेलं 'डॉलीवूड' होतं. म्हणून ती १९९९ मध्ये एका छोट्या कंपनीसाठी मनासारखा ब्लूग्रास, म्हणजे डोंगराळ भागातल्या लोकसंगीतातून आलेल्या शैलीतला, अल्बम करू शकली. त्याला ग्रॅमी मिळालं. वडिलांना वाचता येत नव्हतं या दुःखातून तिने १९९५ मध्ये लहान मुलांना घरपोच पुस्तकं पाठवणारी 'इमॅजिनेशन लायब्ररी' सुरू केली. तिने २० कोटींहून अधिक पुस्तकं वाटली आहेत.

तर तिची वाट अशी: आधी दुसऱ्यांकडे गाणी दिली, नाव झालं, स्वतःचं प्रकाशन काढलं, गाणं स्वतः गाजवलं, आणि मग नाही म्हटलं. आता तुमचा करार.

एका बाबतीत तुम्ही १९७४ च्या डॉलीपेक्षा सुरक्षित आहात. आपल्याकडे पूर्वी चित्रपटासाठी लिहून घेतलेल्या गाण्याचा मालक निर्माताच, अशीच स्थिती होती. १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानेही तेच धरलं. कित्येक गीतकार-संगीतकारांना एकरकमी मानधनापलीकडे काही मिळालं नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रित गाण्याच्या शब्द-चालीवर मिळणाऱ्या रॉयल्टीतला तुमचा समान वाटा तुम्हाला लिहूनही देता येत नाही, फक्त वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं वाजतं तेवढा वापर याला अपवाद. करारात 'सर्व हक्क' असले तरी हा वाटा उरतो. पण तो आपोआप घरी येत नाही. त्यासाठी गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद होऊन गाण्याची नोंद करावी लागते. माझ्याकडे येणाऱ्या नव्या मंडळींत बहुतेकांचं इथेच राहिलेलं असतं.

करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हस्तांतरित हक्क घेणाऱ्याने वर्षभर वापरले नाहीत तर, करारात वेगळं लिहिलं नसल्यास, ते संपतात. म्हणूनच कंपनीचे वकील 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगभर' हे शब्द आवर्जून घालतात. ते तिथे आहेत का, पाहा.

माझा सल्ला असा. ध्वनिमुद्रणाचा खर्च कंपनी करत असेल तर ध्वनिमुद्रण त्यांना द्या. त्यासाठी अडून बसू नका. शब्द आणि चाल यांची मालकी स्वतःकडे ठेवून वापराचा परवाना देता येतो का, हे विचारा. ते मान्य करत नसतील तर मुदत मागा: पाच, सात, फार तर दहा वर्षं. तेही होत नसेल आणि पैशाची खरी गरज असेल, तर एक गाणं देऊन मोकळे व्हा. त्यात कमीपणा नाही, डॉलीनेही सुरुवातीला दुसऱ्या प्रकाशकासाठीच लिहिलं. मात्र एका ठिकाणी ठाम राहा. पुढे लिहाल त्या गाण्यांवर कंपनीला पहिला किंवा कायमचा हक्क देणारं कलम असेल, तर रक्कम कितीही असो, ते खोडल्याशिवाय सही करू नका. गीतकार-संगीतकार म्हणून तुमच्याऐवजी किंवा तुमच्याबरोबर दुसऱ्याचं नाव घालणारं कलमही तसंच, कारण रॉयल्टीची वाटणी नावावरूनच होते.

सही करण्याआधी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाकडून करार वाचून घ्याच. हक्कांचं, मुदतीचं आणि पुढच्या गाण्यांचं अशी तीन कलमं कंपनीचं नाव झाकून इथे टाकलीत, तर त्यांचा तुमच्यापुरता अर्थ मी सांगेन.